जनरेटरकडे पाठ करून

जनरेटर पहिल्यांदा सुरू होतो, त्या क्षणी सगळ्यांचे डोळे पॅनलवर असतात. मालक असतो, मालकाचा मेहुणा असतो, नारळ फोडायला बोलावलेलं कुणीतरी असतं. काटे थरथरतात, दिवे लागतात, एखादा टाळीही वाजवतो. आमचे काका मात्र नेमके त्या क्षणी जनरेटरकडे पाठ फिरवून चालू लागायचे. खोलीबाहेर, फाटकाबाहेर, थेट रस्त्यावर. तिथं हात मागे बांधून शेजाऱ्यापाजाऱ्यांची घरं न्याहाळत उभे राहायचे.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आवाज सहन होत नसेल. दुसऱ्यांदा वाटलं, तंबाखू खायला जात असतील. तिसऱ्या साइटवर मी सरळ विचारलं.

"अगं, पॅनलकडे बघायला तुम्ही दहा जण आहात की. शेजाऱ्याकडे कोण बघणार?"

एवढंच उत्तर. यापुढे विचारलं असतं तर त्यांनी माझ्या जेवणाच्या डब्याची चौकशी सुरू केली असती. न सांगायच्या गोष्टींवर त्यांचा हा ठरलेला उपाय होता.

काका म्हणजे माझे कुणी नातेवाईक नव्हेत. डिप्लोमा झाल्यावर मी सातपूरच्या एका इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडे नोकरीला लागले, तेव्हा ते तिथले सगळ्यांत जुने सुपरवायझर. कारखाने, हॉस्पिटलं, कोल्ड स्टोरेज यांना जनरेटर बसवून द्यायचे आणि त्यांचं वायरिंग वीज कंपनीच्या लाइनशी नीट जोडून द्यायचं, हे आमचं काम. शेवटची तपासणी आणि सही काकांची. सही होत नाही तोवर लाखोंचा जनरेटर म्हणजे शेडमधलं लोखंड. त्यामुळे मालक लोक काकांना जपून असायचे आणि आमचे साहेब त्यांना टरकून असायचे.

लाइट गेली की जनरेटर आला पाहिजे, लाइट आली की जनरेटर गेला पाहिजे, आणि दोघांची गाठ कधीही पडता कामा नये. ती पडू न देणारा जो मोठा स्विच असतो त्याला आम्ही चेंजओव्हर म्हणतो. गाठ पडली तर जनरेटरची वीज उलटी बाहेर निघते, खांबावर जाते, आणि लाइन बंद आहे या भरवशावर वर चढलेल्या वायरमनला गाठते. मला हे कॉलेजात आकृती काढून शिकवलं होतं. काकांनी पहिल्याच दिवशी वेगळं शिकवलं. "लाइन आणि जनरेटर म्हणजे दोन जावा. एक चुलीपुढे असली की दुसरीनं माजघरात बसायचं."

मला राग आला. म्हटलं, "काका, जावाच कशाला? दोन भाऊ म्हणा."

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "नाही जमत गं. भाऊ चुलीपुढे येतातच कुठं?"

त्या दिवसापासून ते मला 'इंजिनीअर' म्हणायला लागले, आणि त्यात चेष्टा किती आणि मान किती हे मला कित्येक महिने कळलं नाही.

काकांचं हत्यार एकच. एकमेकांना जोडलेले दोन बल्ब आणि त्यांना दोन लांब वायरी. हा टेस्ट लॅम्प ते डब्याच्या पिशवीत ठेवत, त्यामुळे त्याला कायम लसणाच्या चटणीचा वास. कंपनीनं दिलेला महागाचा डिजिटल मीटर माझ्या गळ्यात. मी आकडा सांगायची, मग ते बल्ब लावून बघायचे आणि मीटरला पास केल्यासारखी मान हलवायचे. बल्ब लावायचीही त्यांची रीत होती. आधी चालू वायरीवर लावून बल्ब जिवंत आहे ना ते बघायचं. मग जी वायर बंद आहे असं म्हणतात तिच्यावर लावायचा. आणि मग पुन्हा चालू वायरीवर.

"मधेच बल्ब उडालेला असला तर? तू बंद समजून हात लावशील, आणि मी तुझ्या आईला काय सांगू?"

माझ्या आईला ते कधी भेटलेले नव्हते. पण प्रत्येक साइटवर तिची काळजी वाहायचे.

अंबडच्या एका कारखान्यात तिथल्या मॅनेजरला जनरेटर सुरू होताना जवळून बघायचं होतं. गळ्यात बोटभर जाड चेन, हातात तीन अंगठ्या. काकांनी त्यांना पॅनलच्या खोलीच्या दारातच अडवलं.

"साहेब, सोनं काढून या."

"काका, मी नुसता बघणार आहे."

"ते सोन्याला कुठं माहीत?"

मॅनेजर तणतणत केबिनमध्ये गेले, सगळं काढून आले. काकांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांना पुन्हा बाहेर काढलं, कारण पायात कोल्हापुरी चप्पल होती. तिसऱ्या खेपेला ते बिचारे सिक्युरिटीवाल्याचे बूट घालून आले, तेव्हा काकांनी स्वतः बाजूला सरकून त्यांना पुढं जागा करून दिली. काकांच्या स्वतःच्या लग्नातली अंगठी घरी देवघरात असायची. काकू म्हणायच्या, "अंगठी तेवढी घरात असते, माणूस नसतो."

त्यांच्या घराची आणखी एक गंमत. शहरभर जनरेटर बसवत फिरणाऱ्या या माणसाच्या नाशिकरोडच्या घरात साधा इन्व्हर्टर नव्हता. लाइट गेली की नवरा-बायको गॅलरीत खुर्च्या टाकून बसत. "तेवढीच गप्पांची वेळ मिळते," काका म्हणायचे. काकूंना विचाराल तर गप्पा कसल्या, ते समोरच्या इमारतींकडे बघत कुणाचा जनरेटर किती सेकंदांनी सुरू झाला ते मोजत बसतात.

तपासणीचा अहवाल लिहायला साहेबांनी छापील इंग्रजी फॉर्म केला होता. काका तो उलटा करत आणि मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहीत. "जनरेटर सुरू केला. पाण्याचा पंप उलटा फिरत होता. दोन वायरींची अदलाबदल केली. आता पंप सुलट फिरतो आणि मालकही हसतात." साहेब अक्षरशः हात जोडायचे. "काका, हे क्लायंटकडे जातं हो!" काका शांतपणे विचारायचे, "का, त्यांना मराठी येत नाही?"

ऑफिसातल्या पोरापोरींना वाटायचं, एवढी काळजी घेतात म्हणजे मागे नक्की एखादा अपघात असणार. कुणी जवळचं गेलं असणार. एकदा त्र्यंबक रोडवर टेम्पोत बसल्या बसल्या मी धीर करून विचारलंच. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच काहीतरी विचित्र बोलले.

"काही नाही झालेलं. माझ्या साइटवर कुणाला साधं खरचटलेलं नाही. आधी कुणीतरी मरायचं आणि मग आपण शहाणं व्हायचं, अशी पद्धत आहे का तुमच्याकडं?"

मला त्या दिवशी या माणसाचा फार अभिमान वाटला. आपण यांच्या हाताखाली शिकतो आहोत, हे मी घरी गेल्यावर आईला दोनदा सांगितलं.

आता पिंपळगावची गोष्ट सांगते, म्हणजे रस्त्यावर जाऊन उभं राहण्याचं कारण कळेल.

पिंपळगाव बसवंतला एका द्राक्ष बागाईतदारांनी नवं पॅकहाऊस बांधलं होतं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. द्राक्षं तोडून आणली की लगेच गार करायची मोठी खोली, तिच्यासाठी आमचा जनरेटर, आणि वीज कंपनीकडून नवं मोठं कनेक्शन. वीज कंपनीनं त्या दिवशी दहा ते दोन लाइन बंद ठेवायची परवानगी दिली होती. बेत असा की लाइन बंद झाली की आम्ही जनरेटर सुरू करायचा, गार खोली त्यावर चालवायची, आणि तेवढ्या वेळात वीज कंपनीच्या वायरमननं, रामदासनं, खांबावर चढून आमची नवी केबल लाइनला जोडायची.

आप्पांनी काही धीर धरला नाही. पहाटेपासूनच तोडणी लावली होती. आम्ही पोचलो तेव्हा क्रेटनी भरलेले दोन टेम्पो सावलीत उभे. तोडलेली द्राक्षं तापली की देठ सुकतात, आणि देठ सुकलेला माल परदेशी जात नाही. आप्पांचा पहिलाच निर्यातीचा माल होता.

सव्वादहाला जनरेटर सुरू झाला. टाळ्या झाल्या, क्रेट आत जायला लागले. काका ठरल्याप्रमाणे वळले आणि रस्त्यावर गेले. एव्हाना मलाही सवय झाली होती, मी मागोमाग गेले.

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. अलीकडे खांब. रामदासनं कमरेला पट्टा बांधलेला, एक पाय खांबाच्या पहिल्या पायरीवर. काका टपरीकडे बघत होते. टपरीतला टेबलफॅन हळूहळू फिरत होता.

"टपरीवाल्याकडे इन्व्हर्टर आहे का गं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

तिथं धड कपाट नव्हतं, इन्व्हर्टर कुठला असणार! मी मान हलवली.

"रामदास, खाली ये. चहा पिऊ."

"काका, एवढं उरकतो न् मग घिऊ."

"आधी चहा."

आवाज चढला नव्हता. पण रामदासनं पाय खाली घेतला. मग काका मला म्हणाले, "जा, जनरेटर बंद कर." मी पळाले. बंद करून परत आले तर टपरीतला पंखा थांबत होता.

रामदासनं पंख्याकडे पाहिलं, मग खांबाकडे, आणि पट्ट्यासकट बाकावर बसला. आमच्या जनरेटरची वीज कुठून तरी उलटी लाइनवर गेली होती. टपरीवाला म्हणाला, "मी म्हनलं, लाइट लवकरच आली वाटतं."

काकांनी चहा सांगितला, रामदासला पाजला, आणि आत येऊन पॅनल उघडायला लावलं. चेंजओव्हर चोख होता. प्रत्येक वायर ड्रॉइंगप्रमाणे. आम्ही दोघांनी दोनदा तपासलं, दोष सापडेना. साडेअकरा झाले. गार खोलीचं दार बंद, आत माल, मशीन थांबलेलं. आप्पांचा तोल सुटायला लागला.

"काका, पॅनल बरोबर हाय म्हंता ना? मंग करा की चालू. माझा माल आत हाय! त्या टपरीच्या पंख्याचं काय यवढं?"

"पंख्याचं काही नाही आप्पा. रामदासचं आहे."

आप्पा गार खोलीच्या बंद दारासमोर येरझारा घालायला लागले.

मी जमिनीवर ड्रॉइंग पसरून बसले होते. आणि बघता बघता मला उलगडलं. मी जी वायर शोधत होते ती ड्रॉइंगमध्ये नव्हतीच. ती मी ओढली होती.

पॅकहाऊसच्या मागं आप्पांची जुनी शेड. तिथं पेठ-सुरगाण्याकडच्या बाया घड साफ करायला बसायच्या, छोट्या कात्रीनं खराब मणी काढत. दोन दिवसांपूर्वी त्यांच्यातली एक मावशी मला म्हणाली होती, "ताई, आमच्याकडं बी एक बल्ब द्या ना तुमच्या जनरेटरवर. लाइट गेली का मणी दिसत नाय." मला बरं वाटलं. कुणीतरी मला ताई म्हणून काम सांगत होतं, आणि ते माझ्या हातचं होतं. आमच्या नव्या पॅनलपासून मी त्यांच्या जुन्या बोर्डापर्यंत वायर ओढून दिली. बोर्ड तपासला तेव्हा तो बंद होता. जुनं मीटर काढून टाकणार असल्याचं आप्पा बोलले होते, मला वाटलं काढलं. खरं म्हणजे त्या वेळी गावचीच लाइट गेलेली होती. जुनी वायर जिथल्या तिथं होती. आता जनरेटरची वीज माझ्या वायरीनं जुन्या शेडच्या बोर्डात जात होती, तिथून जुन्या वायरीनं जुन्या मीटरला आणि तिथून थेट रामदासच्या खांबावर.

मी खोटं बोलत नाही, मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता. मागं जावं, वायर गुपचूप ओढून काढावी, परत येऊन म्हणावं, 'आता लावून बघू या का?' पंखा फिरला नसता. कुणाला काही कळलं नसतं. मी उठून दारापर्यंत गेलेही. दारातून रामदास दिसत होता. बाकावर बसून बायकोशी की कुणाशी फोनवर बोलत होता, आणि हसत होता.

मी परत फिरले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आप्पांसमोर, त्यांच्या मेहुण्यासमोर, आमच्या कामगारांसमोर. "काका, मी केलंय. जुन्या शेडला मी वायर दिलीय. ड्रॉइंगमध्ये नाही."

काकांनी चष्मा काढला. "कधी लक्षात आलं?"

"आत्ता."

"आत्ता म्हणजे आत्ताच?"

"दहा मिनिटं झाली."

"दहा मिनिटं फुकट घालवलीस. चल, दाखव."

यापेक्षा जास्त ते मला त्या दिवशी बोलले नाहीत, आणि नंतर कधीही बोलले नाहीत. वायर दाखवली. जुन्या मीटरकडून येणारी वायर त्यांनी माझ्याच हातानं सोडवून घेतली, टोकं बंद करायला लावली, त्यावर चिठ्ठी बांधायला लावली. मावशीचा बल्ब मात्र काढू दिला नाही. "तिनं मागितलं त्यात काही चूक नाही," म्हणाले.

बाराच्या सुमारास जनरेटर पुन्हा सुरू झाला. टपरीवाल्याला पंख्याचं बटण चालूच ठेवायला सांगितलं होतं. पंखा हलला नाही. मला वाटलं, आता काका खांबाकडे जातील. त्यांनी डब्याची पिशवी माझ्या हातात दिली.

"बघ तू."

मी टेस्ट लॅम्प जनरेटरच्या सॉकेटला लावला, बल्ब लागले. खांबाच्या बुडाशी वरच्या लाइनची पेटी होती, तिथं तिन्ही वायरी तपासल्या, एकेक करून, एकमेकींशी लावून. अंधार. परत जनरेटरपाशी आले, बल्ब लागले. पुन्हा खांबाकडे गेले तेव्हा रामदास पट्टा आवळून उभा होता. एव्हाना कुणाची चूक होती हे त्याला कळलेलं होतं.

"काका, चढू का?"

"मला काय विचारतोस? तपासलं तिनं."

रामदास माझ्याकडे वळला. रस्त्यावरची दहा-बारा माणसं माझ्याकडे वळली. दोन तासांपूर्वी या माणसाला मी मारलंच होतं, एका पंख्यानं वाचवलं होतं, आणि आता तो मला विचारत होता.

"थांबा," मी म्हटलं. पुन्हा जनरेटर, पुन्हा खांब, पुन्हा जनरेटर. सगळं पहिल्यापासून. आप्पांनी घड्याळ पाहिलं. काकांनी एवढंच केलं की माझ्या पायात येणारी वायर उचलून धरली.

मग मी रामदासला म्हटलं, "दादा, चढा."

चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून त्यानं तारांवर साखळी टाकली आणि चढला. मी खांबाला हात लावून खाली उभी राहिले. तो वर काम करत होता तेवढा वेळ काका कुठं होते माहीत आहे? आत पॅनल बघत बसले होते. मी त्यांना हाक मारायला माणूस पाठवला तर निरोप आला, "तिकडं इंजिनीअर आहे ना?" मला रडू फुटलं. पण मान वर होती, त्यामुळे कुणाला दिसलं नसावं.

दोनच्या आत लाइन जोडून झाली. लाइट आली, जनरेटर आपला आपण थांबला, गार खोलीचं मशीन जरा थांबून पुन्हा सुरू झालं. आप्पांनी एक क्रेट उघडून देठ पाहिले, बोटांनी मोडून पाहिले. हिरवे होते. मग येऊन त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले.

काकांनी अहवाल टपरीत बसून लिहिला, अर्थात कोऱ्या बाजूला. "जुन्या शेडला दोन बाजूंनी वीज येत होती. वायर आमच्या इंजिनीअरनं जोडली. तिनंच सांगितलं, जुन्या मीटरची वायर तिनंच सोडवली, तिनंच तपासलं." साहेबांनी ही ओळ काढा म्हणून पुष्कळ विनवण्या केल्या. काका म्हणाले, ओळ काढा, पण मग सहीही काढा. ओळ राहिली. त्या कागदाची एक प्रत मी मागून घेतली. आज माझं स्वतःचं सुपरवायझरचं लायसन्स आहे, ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय, पण जपून ठेवलाय तो हा कागद.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही टेम्पोत सामान चढवत होतो, तेव्हा रामदास आला. पट्टा खांद्यावर टाकलेला. काकांना ओलांडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. मी तयारही होते.

"ताई, या लायनीवर अजून तीन जनरेटर हायेत," तो म्हणाला. "कुनी बसवलेत, कसे बसवलेत, देवाला ठाऊक. रोज चढतो मी. तेवढे बघून द्याल का?"

मी काकांकडे पाहिलं. काका टेम्पोची दोरी आवळत होते. गाठ मारून झाल्यावर त्यांनी हात झटकले.

"सोमवारी येईल ती," म्हणाले. "एकटी."